आळस कुणाच्या खात्यावर?

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गरीब गोऱ्या शेतमजुरांची सर्रास टवाळी चाले. चेहरे पांढुरके, हातपाय काटकुळे, पोट पुढे आलेलं, चार पावलं चालले की दम. काही तर चक्क माती खात. जमीन आहे, हवा उबदार आहे, तरी हे आपले ओसरीवर बसून! म्हणजे आळशीच, असा निवाडा झाला आणि तो फिरवायची गरज कुणाला वाटली नाही. ख्रिस्ती परंपरेत आळस हे सात महापापांतलं एक. आपल्याकडचा हिशेबही फार वेगळा नाही. गीतेचा चौदावा अध्याय आळस आणि झोप तमोगुणाच्या खात्यावर मांडतो, आणि समर्थांनी दासबोधात आळशाची कधी गय केली नाही.

1902 मध्ये या निवाड्याला एका प्राणिशास्त्रज्ञाने हात घातला. चार्ल्स स्टाइल्स हा मेथडिस्ट धर्मोपदेशकाचा मुलगा, लायप्झिगला शिकलेला. दक्षिणेत फिरून तो लोकांच्या विष्ठेचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. त्यात त्याला अंकुशकृमीची अंडी सापडली. कृमीच्या या नव्या जातीला त्याने पुढे नाव दिलं ‘नेकेटर अमेरिकानस’, म्हणजे अमेरिकन मारेकरी. डिसेंबरात त्याने वॉशिंग्टनमध्ये आपले निष्कर्ष सांगितले आणि ‘न्यूयॉर्क सन’ने बातमी दिली: आळसाचा जंतू सापडला. उत्तरेत हशा, दक्षिणेत संताप.

जंतू तो नव्हताच. साधारण सेंटीमीटरभर लांबीचा जंत होता. त्याचा प्रवास मात्र विलक्षण. उघड्यावर पडलेल्या विष्ठेतली अंडी ओलसर, उबदार, सावलीतल्या मातीत फुटतात. अळी तिथेच दबा धरून बसते. अनवाणी पाऊल पडलं की बोटांच्या बेचक्यातून कातडीत शिरते. तिथे खाज सुटते, पण खाजेला कोण विचारतो? रक्तातून ती फुप्फुसात जाते, श्वासनलिकेतून वर चढते, घोटाबरोबर गिळली जाते आणि लहान आतड्यात ठाण मांडून रक्त पिऊ लागते. एक जंत दिवसाला थेंबभरही पीत नाही. पण शेकडो असले, वर्षानुवर्षं असले, म्हणजे अंगातलं लोह संपतं. मग दम लागतो, मूल वर्गात पेंगतं, आणि माती खावीशी वाटणं हेही लोहाच्या कमतरतेचंच एक लक्षण.

इथे खरा पेच सुरू होतो. औषध घेतल्यावर माणूस कामाला लागला, तर आधीचा आळस त्याचा होता की जंताचा? आणि आळस जंताचा म्हणायचा, तर कष्टाळू माणसाची कष्टाळू वृत्ती हिमोग्लोबिनची म्हणायची का? हे विचारायला पापभीरू आणि निरीश्वरवादी दोघेही कचरतात, कारण दोघांनाही शाबासकी आणि दोष वाटायला आवडतो. गीतेने सतराव्या अध्यायात आहार आणि गुण यांची सांगड घालून शरीराकडे जाणारी एक वाट ठेवली आहे खरी. पण आपण खाल्लेल्यावर आत बसलेला दुसराच कुणी हात मारत असेल, ही शक्यता तिथे धरलेली नाही.

1909 मध्ये उद्योगपती जॉन रॉकफेलरने अंकुशकृमीच्या रोगाविरुद्धच्या मोहिमेसाठी दहा लाख डॉलर दिले. मोहिमेचा प्रमुख नेमला गेला विक्लिफ रोझ, जो मुळात तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक! औषध होतं थायमॉल, म्हणजे आपल्या घरातलं ओव्याचं फूल. त्या काळी ते मुख्यतः भारतातून गेलेल्या ओव्यापासूनच जर्मनीत काढलं जाई. गावोगाव दवाखान्यांचे मेळे भरले. लोक शिदोरी बांधून येत, भजनं म्हणत, बरण्यांतले जंत पाहत आणि औषध घेऊन जात. पाच वर्षांत सुमारे सात लाख लोकांवर उपचार झाले. जिथे जंत जास्त होते तिथे मुलांची शाळेतली हजेरी नंतर अधिक वाढली, असं अर्थशास्त्रज्ञ हॉइट ब्लीकली यांनी 2007 मध्ये दाखवलं.

पापाचा डाग पुसला गेला, पण दोष हवेत विरत नाही. तो दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर जाऊन बसतो. कापडगिरण्यांत राबणाऱ्या पोरांच्या फिकट चेहऱ्यांना गिरणी नव्हे, जंत जबाबदार असं स्टाइल्स सांगू लागला आणि मालकांना हायसं वाटलं. जंत आफ्रिकेतून गुलामांबरोबर आला, काळे लोक त्याचे वाहक आणि गोरे त्याचे बळी, अशीही मांडणी त्याने केली. आळशाला निर्दोष ठरवताना एका अख्ख्या समाजाला त्याने आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं.

ही गोष्ट तिथेच संपली नाही. दक्षिणेतल्याच अलाबामा राज्यातल्या लाउंड्स काउंटीत बहुसंख्य वस्ती काळ्यांची. तिथली जमीन आपल्या रेगुरासारखी, चिकट काळी. पाणी जिरत नाही, साधी सेप्टिक टाकी तुंबते आणि महागडी परवडत नाही. अनेक घरांचं सांडपाणी थेट परसात सोडलेलं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या 55 जणांची तपासणी झाली, तेव्हा 19 जणांच्या विष्ठेत नेकेटरचे जनुकीय अंश आढळले. त्याच काउंटीत, सांडपाण्याची नीट व्यवस्था केली नाही म्हणून, याआधी काही रहिवाशांवर फौजदारी कारवाईच्या नोटिसा निघाल्या होत्या.