लाज कोणाच्या पदरी?

रक्तदान शिबिरात तंबाखूविरोधी मोहीम चालवणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. समोरून येणारा माणूस रक्त द्यायला आला आहे. त्याच्या खिशात खर्ऱ्याची पुडी असेलही, पण कधीही न भेटलेल्या कुणासाठी तो दंड पुढे करतो आहे. त्याला वाया गेलेला ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

बहुतेक मोहिमा मात्र तिथूनच सुरू होतात. कवटीचे चित्र, सडलेला जबडा, पथनाट्याच्या शेवटी मरणारा व्यसनी बाप आणि मग सामूहिक शपथ. ज्यांनी तंबाखूला कधी हात लावला नाही तेच टाळ्या वाजवतात आणि शपथही तेच घेतात. ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो मांडवामागून निघून जातो. भीती त्याला नवी नाही. तंबाखूच्या वेष्टनाचा 85 टक्के भाग 2016 पासून इशाऱ्यानेच व्यापलेला आहे. आपण त्यात भर घालतो ती फक्त लाजेची, आणि लाजलेला माणूस सवय सोडत नाही, लपवायला शिकतो.

शिवाय ही पोस्टरे बहुधा सिगारेटची असतात. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात तंबाखू ओढणारे प्रौढ 3.8 टक्के होते, तर खाणारे, चघळणारे, दातांना लावणारे 24.4 टक्के. आपल्याकडचा तंबाखू तळहातावर चुन्यासोबत मळला जातो, आजीच्या मशेरीच्या डबीत असतो, विदर्भात सुपारीसोबत घोटून त्याचा खर्रा होतो. फुली मारलेली सिगारेट पाहून मशेरी लावणाऱ्या बाईला वाटते, हे काही आपल्यासाठी नाही.

रक्त दिल्यावर दात्याला थोडा वेळ बसवून चहा-बिस्किटे देतात. मोहिमेची खरी जागा तिथे आहे. शेजारी बसून विचारावे, ‘‘काका, सकाळी उठल्यावर पहिला खर्रा किती वेळात लागतो?’’ डोळे उघडताच लागत असेल, तर निकोटीनची पकड घट्ट आहे. त्यात त्यांच्या मनाचा कमकुवतपणा शोधू नये. मग त्यांना स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात का, हे पाहायला सांगावे. जात नसतील, किंवा साध्या तिखटानेही तोंडाची आग होत असेल, तर दंतवैद्याला दाखवायलाच हवे. सुपारीने तोंडाच्या आतले अस्तर ताठर होत जाते आणि अशा तोंडात कर्करोगाचा धोका वाढतो. शेवटी 1800-11-2356 हा सोडायला मदत करणारा मोफत राष्ट्रीय क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यावा. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढी मिनिटे निभावायची, हेही सांगावे. उपदेशापेक्षा हे त्यांना घरी नेता येते.

लाज वाटायचीच असेल, तर ती विकणाऱ्यांना वाटू द्या. 2003 च्या कायद्याने 18 वर्षांखालील मुलांना आणि शाळा-महाविद्यालयांपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकायला मनाई केली. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. तरी पुडी मिळते, आणि त्याच नावाच्या पान मसाल्याच्या, वेलदोड्याच्या जाहिरातीत नामवंत नट हसत उभे असतात. विद्यार्थ्यांनी टेप घेऊन महाविद्यालयाच्या फाटकापासून पानठेल्यापर्यंतचे अंतर मोजावे, नोंद करावी आणि ती प्राचार्यांकडे व पोलिसांकडे द्यावी. शिबिराच्या फलकावर अशाच एखाद्या नावाचा प्रायोजक असेल, तर आयोजकांना नम्रपणे पण ठामपणे नकार द्यायला सांगावे. अशा पैशाने घेतलेल्या धर्मादाय कार्यक्रमात त्या नावाला प्रतिष्ठा मिळते.

हे काम विद्यार्थ्यांनीच करावे, याला कारण आहे. जुनी गिऱ्हाइके मरतात किंवा सोडतात, म्हणून या धंद्याला सतत नवी लागतात, आणि ती याच वयात सापडतात. स्वयंसेवकाच्या टी-शर्टमधला मुलगा दुसऱ्याला वाचवायला निघालेला असला, तरी धंद्याची नजर त्याच्यावरही आहे. हे ओळखले की काकांकडे वरून पाहणे आपोआप थांबते. दोघांना हेरणारा एकच आहे, एवढेच की काका आधी सापडले.

म्हणून शिबिर संपल्यावर शपथपत्रे मोजत बसू नये. किती जणांनी न लाजता ‘‘हो, मी खातो’’ असे सांगितले, ते मोजावे. ज्याला हे मोकळेपणी सांगता आले, त्यालाच सोडण्यासाठी मदतही मागता येईल.