श्वास सर्वांचा



देवाने मातीच्या माणसात जीवनाचा श्वास फुंकला, असे उत्पत्तीचे पुस्तक सांगते. तो श्वास कोणा एकट्याचा नाही. जून २०२३ मध्ये कॅनडातील क्वेबेकची जंगले पेटली आणि शेकडो किलोमीटर दूर न्यूयॉर्कचे आकाश नारिंगी झाले. अशा धुरातील अतिसूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जातात, रक्तातही मिसळतात. लहान मुले, वृद्ध, दमेकरी व हृदयरोगी यांना धोका अधिक.

आपल्या वाडीत जंगल पेटत नाही. पण संध्याकाळी पालापाचोळा आपणच पेटवतो. धूर शेजारच्या दमेकरी आजींच्या खोलीत शिरतो आणि रविवारी मिस्सामध्ये आपण त्यांनाच शांती देतो! या आठवड्यापासून पाला जाळू नये, खड्ड्यात कुजवून खत करू या. शेजाऱ्याचा श्वास राखणे हीसुद्धा शेजारप्रीतीच होय.

— आपले धर्मगुरू