हाताविना हस्ताक्षर
‘कलम’ या संगणकीय अक्षरसंचाची, म्हणजे फाँटची, देवनागरी अक्षरे उजवीकडे झुकलेली, टोकांना गोलसर आणि बॉलपेनाने सहज लिहिल्यासारखी दिसतात. अक्षरांच्या टोकांच्या गाठी मोकळ्या, तर इतर काही पोकळ्या मिटलेल्या आहेत, कारण भरभर लिहिणाऱ्या हाताकडून असेच घडते. इंडियन टाइप फाउंड्रीचा हा फाँट मोफत उपलब्ध असल्याने छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात कोणी हरिनाम सप्ताहाचे पत्रक त्यात जुळवले, तर ते आमंत्रण घरच्या माणसाने लिहिल्यासारखे वाटेल, आणि तो वापर सर्वथा योग्यच आहे.

प्रश्न उभा राहतो तो लिखित जपाच्या, म्हणजे देवाचे नाव वहीत पुन्हापुन्हा लिहिण्याच्या उपासनेच्या, बाबतीत: एकदा टंकलेले नाव याच वळणात लाख वेळा छापले, तर तो जप ठरेल काय? वहीतला प्रत्येक ‘राम’ निराळा असतो. शाई फिकटते, बोटे आखडतात, मन भरकटले की काना वाकडा जातो आणि साधकाला आपली चलबिचल तिथेच दिसते. फाँटमधला ‘रा’ पहिल्या ओळीत तोच आणि शेवटच्या ओळीतही तोच, म्हणून त्यात जपाचे रूप उतरले तरी जपाची क्रिया उतरत नाही, आणि उपासना तर क्रियेतच असते.

ग्रंथाची गोष्ट मात्र वेगळी. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातीलच पैठणच्या संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती नकलाकारांच्या हातून शिरलेले अपपाठ, म्हणजे चुकीचे शब्द, दूर करण्यासाठी. तिथे न थकणारे, न बदलणारे अक्षर उपकारकच ठरले असते.