पडदा कोणी पाडायचा?

संध्याकाळचे सात वाजले की पुष्कळशा मराठी घरांचा कारभार एका परक्या कुटुंबाच्या हाती जातो. कुकर केव्हा लावायचा, मुलांना अभ्यासाला केव्हा बसवायचे, गावाकडच्या नातलगाला फोन केव्हा करायचा, हे सारे त्या कुटुंबाच्या सोयीने ठरते. गिरगावातल्या चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत हे कुटुंब येते, दादरच्या हिंदू कॉलनीत येते आणि लालबागच्या जुन्या चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांतही लिफ्टची वाट न पाहता येते. आपल्या सख्ख्या चुलतभावाच्या घरात काय चालले आहे याचा पत्ता नसतो. पण या घरातली थोरली सून काय सोसते आणि नणंद कोणता डाव टाकते, हे आपल्याला तारीखवार ठाऊक असते.

ही ओळख काही आजची नाही. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा साऱ्या वाडीत मिळून एखादाच संच असे आणि तो ज्यांच्या घरी असे त्यांच्या उंबऱ्यापर्यंत माणसे बसत. १९८४ साली ‘हम लोग’ आले, पुढे मराठी वाहिन्या आल्या आणि २००१ साली सुरू झालेले ‘चार दिवस सासूचे’ २०१३ सालापर्यंत, तीन हजारांहून अधिक भाग चालले. एवढ्या काळात पहिलीतले पोर कॉलेजात जाते. अशा पात्रांना परके तरी कसे म्हणावे?

हे पाहणारी माणसे भोळी आहेत, असा एक समज सुशिक्षितांत आढळतो. तो मला मुळीच पटत नाही. मालिका पाहणाऱ्या दोन बाया एकमेकींशी काय बोलतात ते कान देऊन ऐकावे. “या आठवड्यात ती दिसली नाही, नक्की नाटकाच्या दौऱ्यावर गेली असणार.” “लेखक बदललेला दिसतोय गं, पूर्वीसारखे संवाद नाहीत.” “आकडे चांगले आलेत वाटतं, म्हणून लग्न लांबवतायत.” ही काय भोळ्या माणसांची भाषा झाली? बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात, एकेका दिवसात अख्ख्या भागाचे चित्रण उरकावे लागते, पुष्कळदा प्रवेशाचे कागद नटाच्या हाती ऐन वेळी पडतात, हे सारे या प्रेक्षकाला ठाऊक असते. नात जेव्हा म्हणते, “आजी, तिच्या डोळ्यांत ग्लिसरीन घातलंय गं!” तेव्हा आजी डोळे पुसता पुसता उत्तर देते, “ठाऊक आहे मला. पाणी खोटं असेल, पण रडण्याचं कारण खरं आहे ना?”

आजीच्या या उत्तरात एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे. जे खोटे आहे हे आपल्याला ठाऊक आहे, त्यासाठी आपण खरे अश्रू का गाळतो? आणि गाळले तर ते योग्य की अयोग्य?

सेंट ऑगस्टीन या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आत्मकथनात याविषयी कठोर निवाडा दिला आहे. तरुणपणी आपण काव्यातल्या डिडो राणीच्या मरणावर रडलो, पण स्वतःच्या दुर्दशेबद्दल डोळ्यांतून टिपूस काढले नाही, याची त्याला खंत वाटे. नाटकातल्या दुःखावर त्याचा आक्षेप असा की, ही कसली करुणा? इथे प्रेक्षकाला मदतीसाठी कोणी बोलावतच नाही. नुसते दुःख करायला बोलावतात. आक्षेपात दम आहे. शेजारच्या बिऱ्हाडात खरोखरीची सून छळ सोसत असताना भिंतीच्या अलीकडे आपण पडद्यावरच्या सुनेसाठी हळहळत असलो, तर ऑगस्टीनचे बोट आपल्याकडेच आहे असे समजावे.

आपल्याकडच्या विचारवंतांनी मात्र याच अश्रूंकडे अधिक मायेने पाहिले. दहाव्या-अकराव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताने भरताच्या नाट्यशास्त्रावर टीका लिहिली. रंगभूमीवरचे दुःख अमक्या माणसाचे उरत नाही. ते ‘साधारण’ होते, म्हणजे सर्वांचे होते, हा विचार तिथे आढळतो. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असेल तर ते रसास्वादातले विघ्न मानले आहे. म्हणजे नाटक पाहताना आपण घटकाभर स्वतःला विसरतो आणि दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहतो. हा सराव काही वाया जाणारा नव्हे. आजीला ‘कारण खरं आहे’ असे वाटते, कारण तशी सून तिने पाहिली असेल. कदाचित ती स्वतःच तशी सून असेल.

रचना कळली की रस उणावतो, ही भीतीही अशीच निराधार आहे. बालगंधर्व पुरुष आहेत हे थिएटरातल्या शेवटच्या बाकावरच्या माणसालाही ठाऊक होते. तरी घरंदाज स्त्रिया त्यांच्यासारखे लुगडे नेसू पाहत. १९११ साली मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला, त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली होती आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले. भामिनीचे हसू तेवढ्याने खोटे ठरले काय? उलट, ही हकीकत कळल्यावर त्या हसण्यामागचा माणूस आपल्याला दिसू लागतो आणि आदर दुणावतो. माझा सारा मुद्दा इथेच आहे. पात्रासाठी रडण्यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो पात्रामागच्या माणसाचा.

१९५१ सालापासून बीबीसीवर ‘द आर्चर्स’ ही खेडेगावातल्या एका कुटुंबाची श्रुतिका सुरू आहे. इंग्लंडात ‘सोप ऑपेरा’ म्हणतात त्या प्रकारची ही आद्य मालिकांपैकी एक. हे नाव आले अमेरिकेतून. तिथल्या साबणाच्या कंपन्या रेडिओवरच्या अशा कथांना पैसा पुरवीत. २२ सप्टेंबर १९५५ रोजी या श्रुतिकेतली ग्रेस ही तरुण नायिका आगीत सापडून मेली. त्याच रात्री तिकडे व्यापारी टेलिव्हिजन सुरू होत होते आणि श्रोत्यांचे लक्ष खेचून ठेवायला हे मरण कामी आले. लोकांनी बीबीसीचे फोन अडवून टाकले. कित्येकांनी फुले पाठवली. पुढे जे बाहेर आले ते निराळेच होते. ग्रेसचे काम करणाऱ्या यिझान चर्चमन या नटीने वेतनाच्या प्रश्नावर आपल्या संघटनेकडे धाव घेतली होती आणि तिला काढून टाकायला हे मरण सोयीचे पडले, असे सांगितले जाते. न जन्मलेल्या स्त्रीसाठी फुले गेली. जिचे काम गेले तिच्यासाठी कोणी एक पत्र लिहिले असते तर!

आपल्याकडचे उदाहरण याहून जवळचे आहे. ललिता पवारांच्या बारीक झालेल्या डाव्या डोळ्याची दहशत आपल्या दोन पिढ्यांनी घेतली. खाष्ट सासू म्हटली की तोच चेहरा आठवे. १९८७ साली दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा मंथराही त्याच झाल्या. पण तो डोळा काही त्यांच्या दुष्टपणाने बारीक झाला नव्हता. १९४२ साली एका चित्रणात त्यांना थप्पड मारण्याचा प्रवेश होता. समोर नट होते भगवानदादा, एका गिरणी कामगाराचे पुत्र, पुढे ‘अलबेला’ने गाजलेले. थप्पड जोरात बसली, चेहऱ्याच्या त्या बाजूला लकवा झाला आणि नायिकेच्या भूमिका करणारी ही नटी कित्येक महिने औषधोपचार घेत राहिली. डोळा मात्र पूर्ववत झाला नाही. ज्याला पाहून आपण बोटे मोडली, तो कामावर झालेला अपघात होता! त्याच बाईंनी १९५९ साली ‘अनाडी’त वरून कडक, आतून मऊ अशी मिसेस डिसा उभी केली, तेव्हा त्याच डोळ्यातून माया पाझरली.

यावर कोणी म्हणेल, खलनायकाला शिव्या मिळाल्या तर ती त्याच्या अभिनयाला मिळालेली पावतीच की! नट स्वतःही असेच म्हणतात. निळू फुले पडद्यावर आले की बायका बोटे मोडीत. आणि खासगी जीवनात हा माणूस राष्ट्र सेवा दलात वाढलेला, अंधश्रद्धेविरुद्धच्या चळवळीत उभा राहणारा, अत्यंत साधा. त्यांनी तो राग हसून पावती म्हणून स्वीकारला. मात्र पावती स्वीकारणे हा घेणाऱ्याचा मोठेपणा झाला. देणाऱ्याने तेवढ्यावर आपला हिशेब मिटला असे समजू नये. आज वाईट बाईचे काम करणाऱ्या मुलीला तिच्या मोबाइलवर रात्री-अपरात्री जे लिहून पाठवतात, ते घरात मोठ्याने वाचता यायचे नाही. त्याला पावती म्हणवेल काय?

आणि हा राग त्या मुलीवर नसतोच, याचा पुरावा मालिकाच देतात. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ या २०१६ ते २०२१ पर्यंत चाललेल्या मालिकेत शनायाचे काम आधी रसिका सुनील करीत. मध्यंतरी ईशा केसकर आल्या. पुढे पुन्हा रसिका आल्या. चार दिवस कुरकुर झाली आणि पाचव्या दिवशी तोच राग नव्या चेहऱ्यावर बिनबोभाट जाऊन बसला. चेहरा बदलून जो राग बदलत नाही, तो चेहऱ्याच्या धन्याला शिक्षा म्हणून कसा देता येईल?

या बाबतीत गिरणगावचा जुना प्रेक्षक आपल्यापेक्षा शहाणा होता, असे मला वाटते. परळच्या दामोदर नाट्यगृहात कामगारांची नाटके होत. रात्री जुलमी सावकार म्हणून गर्जणारा माणूस सकाळी भोंगा झाला की प्रेक्षकाच्याच शेजारच्या साच्यावर उभा असे. त्याच्यावर रात्री मनसोक्त संतापावे आणि सकाळी त्याच्याच डब्यातली भाकरी मोडून खावी, यात कोणालाच विसंगती वाटत नसे. नाटक कसे बनते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. बनवणारा त्यांच्या चाळीत राहत होता. १९८२ च्या संपानंतर ती दुनिया विस्कटली. दामोदरही २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद झाले.

नाट्यगृहात आणखी एक सोय असे. शेवटी पडदा पडे. मेलेला नायक आणि त्याला मारणारा खलनायक हातात हात घालून पुढे येत, प्रेक्षकांना नमस्कार करीत. साहित्य संघात किंवा शिवाजी मंदिरात प्रयोग संपल्यावर रंगपटात जावे, तर खलनायक तोंडाचा रंग पुसत चहा पीत बसलेला दिसे. राग तिथेच उतरून ठेवून माणूस घरी जाई. मालिकेला पडदाच नाही. ‘एकच प्याला’तल्या सुधाकराला आपला शेवट पहिल्या अंकापासून ठाऊक असतो, मालिकेतल्या नटाला आपल्या पात्राचे पुढच्या महिन्यात काय होणार, हेदेखील पुष्कळदा ठाऊक नसते. या अर्थी तो अगदी आपल्यासारखाच आहे, म्हणूनच तो नातलग वाटतो. आणि नातलगावर रागावण्याचा हक्क आपण फार सहज घेतो.

तेव्हा तो पडदा आता आपणच, घरबसल्या, पाडायचा आहे. २०२० च्या मार्चमध्ये चित्रणे थांबली तेव्हा नायक-नायिकांबरोबर दिवे धरणारे, कपडे सांभाळणारे, चहा देणारे असे रोजावर जगणारे हातही रिकामे झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात, ‘मत्स्यगंधा’त सत्यवती रंगवलेल्या आशालता वाबगावकर साताऱ्यात एका मालिकेच्या चित्रणासाठी गेल्या असताना करोनाने दगावल्या. त्या आठवड्यात कोणत्या पात्राचे काय झाले, हे आज कोणाच्या ध्यानातही नसेल.

दिवाळीत फराळाचे ताट घेऊन आपण संचासमोर बसू, तेव्हा त्या घरातही दिवाळी चाललेली असेल. ती त्यांनी आठ-पंधरा दिवस आधीच, रात्रपाळी करून, उन्हाळलेल्या दिव्यांखाली साजरी केलेली असते. दुष्ट नणंदेवर अवश्य चिडावे. आजीने पदराने डोळे अवश्य पुसावेत. पण भाग संपला की नातीने मोबाइल हाती घेण्यापूर्वी आजीने तिला एवढे विचारावे, “काम करणारी मुलगी चांगली आहे हो. कुठली गं ती? घरी पोचली असेल का आतापर्यंत?”