पाणी वाहणाऱ्यांची साक्ष
(योहान २:१–११)

गालीलातील काना गावच्या लग्नाची कथा आपण पुष्कळ वेळा ऐकली आहे. तथापि तीतील एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. भोजनकारभाऱ्याने द्राक्षारस चाखला व त्याची पारखही अचूक केली. परंतु तो कोठून आला हे त्यास कळले नाही, म्हणून त्याने वाखाणले ते वराला. खरे काय ते रांजण काठोकाठ भरणाऱ्या चाकरांस ठाऊक होते. कारभारी लबाड नव्हता. त्याच्या जागेवरून रांजण दिसत नव्हते, आणि चाकरांस विचारावे असे त्याच्या मनात आले नाही.

सिरोंच्याच्या लोकांस ही कथा परकी वाटू नये. गोदावरीवर मेडीगड्डा येथे तेलंगणाने बांधलेल्या ८५ दारांच्या बंधाऱ्याचे उद्घाटन २१ जून २०१९ रोजी थाटाने झाले. व्यासपीठावरून ते पाणी कोरड्या शेतांची आशा दिसत होते, व ती आशा खोटी नव्हती. अलीकडच्या तीरावरील शेतकऱ्यास मात्र तेच पाणी आपल्या उभ्या पिकात शिरताना दिसले. संपादनाबाहेरची जमीनही बुडते, असे तो सांगत राहिला. २०२२ साली उपोषणासही बसला. तो बहुधा तेलुगूत बोलतो, आणि सरकारी कागद मराठीत चालतो. पुढे २१ ऑक्टोबर २०२३ रोजी बंधाऱ्याचे काही खांब खचले, तेव्हा राजधानीत चौकशी सुरू झाली. तीरावरील मनुष्याचा प्रश्न त्याच्या पुष्कळ आधीचा होता.

तथापि पाणी वाहणाऱ्यास सर्वच कळते असे नाही. चाकरांनी रस चाखल्याचे लिहिलेले नाही. आणि या तीरावरच्याने त्या तीरावरची तहान पाहिलेली नसते. एकाची साक्ष दुसऱ्यावाचून अपुरी आहे.

आता आपल्या मंडळीकडे पाहा. पंच एकत्र बसतात, वर्गणी ठरते, सभेची वेळ ठरते. पहाटे मजुरीस जाणाऱ्या विधवेस ती वेळ सोयीची आहे काय, हे कोणी विचारले? ती दाराशी बसते व गप्प राहते. आणि तिचे मौन आपण संमती समजतो. बंधूंनो, प्रभूने आपले पहिले चिन्ह प्रथम चाकरांस कळू दिले. मग पुढील सभेत ठराव करण्यापूर्वी दाराशी बसलेल्यांस आधी बोलू द्या, त्यांच्याच भाषेत. आणि त्यांचे बोलणे पुरते होईपर्यंत लेखणी उचलू नका.