सौद्यांतील मौन

खोटें बोलूं नये हें आपण मुलांना शिकवितों. परंतु खरें केव्हां सांगितलेंच पाहिजे हें मात्र क्वचित् शिकवितों. असत्य आणि मौन यांच्यामध्यें जी अरुंद पण लांबच लांब पट्टी आहे, तिच्यावरच जगांतील बहुतेक सौदे पार पडतात. हा प्रश्न आमच्यापुढें नुकताच आला तो अगदीं अनपेक्षित वाटेनें आला. आमचा एक जुना विद्यार्थी पुष्कळ वर्षें अमेरिकेंत नोकरीस आहे. सुटीवर आला असतां तो भेटीस आला, आणि इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर त्यानें खालच्या मानेनें एका खेळाची हकीकत सांगितली. खेळ क्षुल्लक, पण त्यांतून निघालेला प्रश्न क्षुल्लक नाहीं, म्हणून तो वाचकांपुढें मांडीत आहों.

अमेरिकन फुटबॉल आपल्याकडील फुटबॉलहून निराळा. त्यांत चेंडू हातांत घेऊन धांवतात, हातानें फेंकतात आणि प्रतिपक्षाच्या गड्याला भुईवर लोळवितात. तेथील व्यावसायिक मंडळांत ३२ संघ असून २०२१ पासून प्रत्येक संघ हंगामांत १७ सामने खेळतो. या खऱ्या खेळाच्या सावलींत दुसरा एक कल्पित खेळ चालतो. ओकलंड येथील संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाक यांनीं १९६२ सालीं कांहीं स्नेह्यांसह त्याचे नियम बांधले. दहाबारा मित्रांनीं जमावें, खऱ्या खेळाडूंचीं नांवें आपसांत वांटून घ्यावीं, आणि ज्याचे खेळाडू प्रत्यक्ष मैदानावर अधिक पराक्रम करतील त्याला अधिक गुण मिळावे, असा हा प्रकार. सामान्यतः हंगाम संपला कीं ही वांटणी मोडते. परंतु ‘डायनेस्टी’ म्हणजे घराणें या नांवाच्या प्रकारांत ती मोडत नाहीं. एकदां घेतलेला खेळाडू तो निवृत्त होईपर्यंत किंवा तुम्ही त्याला देऊन टाकीपर्यंत तुमचाच राहतो. दर वर्षीं व्यवसायांत नव्यानें येणाऱ्या तरुणांची तेवढी निवड होते, बहुधा दुबळ्या संघाला पहिली पाळी देऊन. आणि पुढल्या वर्षाच्या पाळीचा हक्कसुद्धां आज विकतां येतो.

येथें भाव ठरतो तो मुख्यतः वयावर. चेंडू काखेंत धरून माणसांच्या भिंतींत घुसणारा जो ‘रनिंग बॅक’, त्याची शक्ति सत्तावीस-अठ्ठाविसाच्या सुमारास ओसरूं लागते. चेंडू फेंकणारा ‘क्वार्टरबॅक’ पुष्कळ अधिक टिकतो. टॉम ब्रेडी पंचेचाळिशीपर्यंत खेळला. उलट टॉड गर्ली २०१७ सालीं चढाईच्या बाजूचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, २०१८ सालीं त्याच्याशीं मोठा करार झाला, मार्च २०२० मध्यें त्याच संघानें त्याला मोकळें केलें, आणि वयाच्या २६ व्या वर्षीं त्याचा शेवटचा सामना होऊन गेला. अशा नाशवंत वस्तूचें मोल दोघांना सारखें वाटणें शक्यच नाहीं. ज्याचा संघ यंदा जिंकण्याच्या बेतांत आहे त्याला २७ वर्षांचा गडी सोन्यासारखा. जो तीन वर्षांनीं डोकें वर काढणार त्याला तोच गडी उन्हांतला बर्फ. पहिल्यानें पुढल्या वर्षाचा हक्क द्यावा आणि दुसऱ्यानें आजचा खेळाडू द्यावा, यांत कोणी कोणास फसवीत नाहीं. दोघांच्या गरजेची वेळ निराळी, म्हणूनच दोघांनाही लाभ होतो.

खऱ्या मैदानावर याचें प्रसिद्ध उदाहरण १९८९ सालच्या ऑक्टोबरांत घडलें. त्या हंगामांत सोळांपैकीं एकच सामना जिंकणाऱ्या डॅलसच्या संघानें आपला २७ वर्षांचा मोहरा हर्शेल वॉकर मिनेसोटाला दिला, आणि मोबदल्यांत पांच खेळाडू व निवडीचे अनेक हक्क घेतले. त्यांतील कांहीं हक्क असे होते कीं डॅलसनें ते खेळाडू ठेवले नाहींत तरच मिळावयाचे. डॅलस खेळाडू ठेवील असें मिनेसोटाला वाटलें. डॅलसची दृष्टि मुळापासून हक्कांवर होती. पुढें १९९२, १९९३ आणि १९९५ या हंगामांचीं अजिंक्यपदें डॅलसनें मिळविलीं. वॉकर असेपर्यंत मिनेसोटाला अंतिम सामनाही गांठतां आला नाहीं. हा डाव आम्हांला निर्दोष वाटतो. अटी कागदावर होत्या आणि वॉकरचें वय व बळ दोघांनाही दिसत होतें. लपला होता तो एकाचा बेत. आपला बेत दुसऱ्याला सांगण्याचें ऋण कोणावरही नसतें.

आतां आमच्या विद्यार्थ्याची हकीकत. त्यांच्या मंडळींत बारा जण. त्यांतला एक डॉक्टर, याचा जिवलग. एके दिवशीं दुपारीं सरावांत एका रनिंग बॅकचा गुडघा दुखावला आणि त्याचा हंगाम संपला, ही बातमी याच्या फोनवर आली. तो खेळाडू याचा होता. डॉक्टर मित्र त्या वेळीं शस्त्रक्रियागृहांत आहे हें यास ठाऊक होतें. यानें तत्काळ सौदा पाठविला: हा खेळाडू घे, पुढल्या वर्षाचा पहिला हक्क दे. डॉक्टरला त्या हंगामांत असाच गडी हवा होता. दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या उसंतींत त्यानें फोन पाहिला आणि बोट टेंकवून होकार दिला. तासाभरानें त्याला बातमी कळली. बाकीचे हंसले. सौदा नियमांत बसत होता. तो कायम झाला. डॉक्टर कांहीं बोलला नाहीं. हंगाम संपल्यावर मात्र त्यानें मंडळी सोडली. मालक सोडून गेलेल्या संघाला त्या खेळांत ‘अनाथ’ म्हणतात. “सर, मी एक अक्षरही खोटें बोललों नाहीं,” असें तो आम्हांला पुन्हां पुन्हां म्हणाला.

त्याचा पहिला बचाव हा कीं, हा खेळ आहे. खेळांत लपवाछपवी चालते हें खरें. पत्त्यांच्या डावांत हातचीं पानें कोणी दाखवीत नाहीं; पण तेथें न दाखविणें हाच उभयतांचा करार असतो. गुरांच्या बाजारांत दलाल रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरवितात, तो शेजाऱ्याला कळत नाहीं. पण रुमालाखालीं भाव झांकतात, बैलाचें लंगडेपण नव्हे. त्या बारा जणांनीं एकमेकांचे अंदाज झांकण्यास संमति दिली होती. घडलेली गोष्ट झांकण्यास दिली होती काय? तसें असतें तर मित्र गप्प झाला नसता, तोही हंसला असता.

दुसरा बचाव अधिक बळकट आहे. बातमी जगजाहीर होती; मित्रानें पाहिली नाहीं हा याचा दोष काय? हा वाद जुना आहे. रोमन पंडित सिसरो यानें ख्रिस्तपूर्व ४४ सालीं कर्तव्यांविषयीं जो ग्रंथ लिहिला, त्यांत ऱ्होड्स बेटावर दुष्काळांत धान्य घेऊन आलेल्या व्यापाऱ्याचा दाखला आहे. मागून आणखी गलबतें येत आहेत हें त्यानें पाहिलेलें. तें सांगावें कीं गप्प राहून चढा भाव घ्यावा? अँटिपेटर म्हणे, सर्व सांगावें. डायोजेनीस म्हणे, कायदा सांगतो तेवढे मालांतले दोष सांगितले कीं पुरे. सिसरोनें कौल दिला तो लपवूं नये असा. आमचें म्हणणें एवढेंच कीं, आमच्या विद्यार्थ्याला डायोजेनीसाच्या सौम्य छपराखालींही जागा नाहीं. त्या व्यापाऱ्याचें धान्य चांगलें होतें, लपली होती ती बाजाराची खबर. येथें मालच मोडलेला होता, आणि तें विकणाऱ्याला ठाऊक होतें.

शिवाय बातमी सर्वांची होती तर एवढी घाई कशाला? हीच घाई त्याच्याविरुद्ध साक्ष देते. मित्राला कळण्याच्या आंत सौदा झाला पाहिजे, असें जेव्हां मन म्हणतें, तेव्हां त्याच्या संमतीवर आपला विश्वास नसून त्याच्या अज्ञानावर असतो. आम्हांला कसोटी सुचते ती ही: मला ठाऊक असलेली घटना त्यालाही ठाऊक असती, तर तो ‘हो’ म्हणूं शकला असता काय? माहिती सारखी असून निर्णय निराळा असेल, तर हुशारी खुशाल वापरावी. होकार केवळ न कळल्यामुळें मिळत असेल, तर ती देवघेव नव्हे, उचल आहे.

अशी लबाडी या दीर्घ खेळांत अंगलट येते, पुन्हां कोणी सौदा करीत नाहीं, असें कोणी म्हणेल. तें खरें असेल. पण त्यावर आमचा भर नाहीं. मंडळी दुसऱ्या दिवशीं कायमची मोडणार असती, तरीही तें कृत्य तेंच राहिलें असतें. आणखी एक गोष्ट आम्हीं त्याला विचारली: बातमी वाचल्यावर त्या तरुणाच्या गुडघ्याचा विचार मनांत आला होता काय? तो बराच वेळ बोलला नाहीं. जिवंत माणसाला भाव लावण्याची संवय लागली कीं त्याचें दुःख आधीं किंमतींतली घट म्हणून दिसतें. आणि एकाला असें पाहणारी दृष्टि मित्राकडे वळावयास फार वेळ लागत नाहीं.

जातांना त्यानें विचारलें, “आतां काय करूं? त्या हक्कावर मीं घेतलेला मुलगा आज चांगला खेळतो आहे. परत द्यावयाचा तर मित्र मंडळींतच नाहीं.” हक्काचा खेळाडू झाला, खेळाडूचे गुण झाले, गुणांचा विजय झाला, मागील कर्म असें रूपें पालटीत पुढें चालतें आणि मूळ रूपांत परत करतां येत नाहीं. आम्हीं त्याला सांगितलें कीं क्षमेचीं मोठीं वाक्यें रचूं नकोस. बातमी तुला कोणत्या मिनिटाला कळली आणि सौदा तूं कोणत्या मिनिटाला पाठविलास, एवढें त्याला स्वतःच्या तोंडानें सांग. त्या दिवशीं जें सांगावयाचें राहिलें, तें एवढेंच होतें.