पाठीवर पंप असलेल्या माणसासाठी

आळेफाट्याहून कल्याण-नगर रस्त्याने पूर्वेला निघालं की राजुरी लागते. टोमॅटो, कांदा, ऊस यांचा हा मुलूख. इथं कीटकनाशकाची बाटली घेतली की सोबत घडी घातलेली माहितीपत्रिका येते. 1971 च्या कीटकनाशक नियमांनुसार ती हिंदी, इंग्रजी आणि विक्रीच्या भागातल्या एक-दोन भाषांत छापावी लागते. विषबाधेची लक्षणं, प्रथमोपचार, उतारा, सगळं तिच्यात असतं. पण भाषा वाढल्या तरी कागद तेवढाच, त्यामुळे अक्षर बारीक झालं.

आणि ती घडी उघडतो कोण? पत्रिका मालकाकडे राहते, पंप मजुराच्या पाठीवर चढतो. हा मजूर अनेकदा पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातला ठाकर आदिवासी असतो, नाहीतर परराज्यातून आलेला. बाटलीवरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष, मग पिवळा, निळा, हिरवा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही हे रंग कळावेत, पण त्यांचा अर्थ आधी कुणीतरी तोंडानं सांगावा लागतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्रिकोणाचा नियम तेव्हाही होताच.

राजुरीच्याच तालुक्यात, जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चित, चंद या यवनांची (ग्रीकांची) दानं कोरलेली आहेत. माणसं परकी, लेख मात्र ब्राह्मी लिपीतल्या प्राकृतात. ज्याला काही सांगायचं आहे त्यानंच ऐकणाऱ्याच्या भाषेपर्यंत चालत जायचं, हे मला या लेखांत दिसतं. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम सरकारी कार्यालयांकडून तेच मागतं: माहिती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारी पद्धत, दोन्ही लक्षात घ्या. पहिलीचा अर्थ आपण प्रमाण मराठीवर थांबवतो, दुसरीकडे बघतच नाही. ‘मेघदूत’ ॲप हवामानाचा सल्ला मराठीत देतं, ही मोठी सोय आहे. तीही बहुधा मालकाच्या फोनपाशीच थांबते.

नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र जवळ आहे. ठाकर वस्त्यांतली शिकलेली मुलंमुली आहेत. औषध कसं मिसळायचं, वाऱ्याची दिशा का पाहायची, चक्कर आली तर काय करायचं, हे केंद्रानं त्यांच्याकडून त्यांच्या बोलीत आणि हिंदीत ध्वनिमुद्रित करून घ्यावं, त्यांना रीतसर मानधन द्यावं. सकाळी मजूर कामासाठी जिथं उभे राहतात, तिथं ते ऐकवावं. खर्च औषध कंपन्यांनी सोसावा. पत्रिका छापण्याचा खर्च त्या करतातच.